ब्राऊझरमधल्या फसव्या खिडक्या घरच्या घरी कशा काढाव्यात

चतुर्थीच्या तोंडावर आरतीसंग्रहाची पीडीएफ शोधताना किंवा जुन्या नाट्यगीतांच्या फायली उतरवताना एखाद्या भलत्याच बटणावर क्लिक होतं आणि अख्खा स्क्रीन ताब्यात जातो. निळी पार्श्वभूमी, वर मायक्रोसॉफ्टसारखं दिसणारं चिन्ह, मध्ये लाल चौकट: तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत, बँकेची माहिती चोरीला जात आहे, कंप्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. स्पीकरमधून भोंगा आणि एका बाईचा यांत्रिक आवाज. बंद करायची फुली कुठे दिसत नाही. घरात एकटं माणूस असेल तर पाचावर धारण बसते.

गोव्यात अशी घरं पुष्कळ आहेत. मुलगा बोटीवर किंवा आखातात, मुलगी पुण्याला, आणि व्हिडिओ कॉलसाठी, वीजबिलासाठी, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी घेतलेला कंप्युटर आई-बाबांच्या हाती. हा लेख त्या आई-बाबांसाठी आहे आणि दुरून फोनवर त्यांना समजावणाऱ्या मुलांसाठीही. यातलं बहुतेक काम घरी होतं. त्यासाठी कंप्युटर फॉरमॅट करायची गरज क्वचितच पडते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तो भीतिदायक स्क्रीन म्हणजे फक्त एक वेबपान असतं. ते पूर्ण स्क्रीनभर पसरतं, आवाज काढतं, माऊसचा बाण लपवतं. पण कुठलंही वेबपान नुसतं उघडून तुमचा कंप्युटर तपासू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. म्हणून त्या नंबरवर फोन करायचा नाही, खात्री करून घेण्यासाठीसुद्धा नाही.

फोन केला तर पलीकडे बनावट कॉल सेंटर असतं. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ खाली देशभर छापे घातले, तेव्हा तांत्रिक मदतीच्या नावाने चालणारी अशी केंद्रंही त्यात होती. गोवा पोलिसांनीही आपल्या राज्यात बनावट कॉल सेंटरांवर कारवाया केल्या आहेत. यांची पद्धत ठरलेली असते. गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं दूरनियंत्रणाचं ॲप घालायला लावतात, मग विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यातली लाल-पिवळी चिन्हं दाखवतात आणि हे सगळे व्हायरस आहेत असं सांगतात. प्रत्यक्षात ती चिन्हं नव्याकोऱ्या, निरोगी कंप्युटरमध्येही शेकड्याने असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अशा किरकोळ नोंदी असतात त्या. पण ज्याने ती यादी आयुष्यात कधी पाहिली नाही, तो तिथेच हातपाय गाळतो.

आधी बाहेर पडा

एस्केप ही कळ तीन-चार सेकंद दाबून धरा. पूर्ण स्क्रीन लहान होतो आणि टॅबवरची फुली दिसू लागते. टॅब बंद करा. त्या पानावरचं कुठलंही बटण दाबू नका. ‘कॅन्सल’ आणि पानाच्या आत काढलेली फुलीसुद्धा त्यांचीच असते.

एस्केपने काम झालं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात क्रोम, एज किंवा फायरफॉक्स, जे वापरत असाल ते निवडून ‘एंड टास्क’ करा. तोही दिसला नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून तिथून टास्क मॅनेजर उघडा. सगळंच अडकलं तर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. पावसाळ्यात वीज गेल्यावर कंप्युटर असाच अचानक बंद होतो, त्यामुळे एवढ्याने काही बिघडेल अशी भीती नको. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून सफारी किंवा क्रोम सक्तीने बंद करता येतो.

पुन्हा ब्राऊझर उघडल्यावर तो नम्रपणे विचारतो: आधीची पानं परत उघडू का? इथे ‘रिस्टोअर’ दाबलं की तोच राक्षस परत हजर. नाही म्हणा. ब्राऊझर न विचारताच जुनी पानं उघडत असेल तर आधी वायफाय बंद करा, ब्राऊझर उघडा, तो टॅब काढा आणि मग वायफाय सुरू करा.

पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो. खिडक्या परत परत येत असतील तरच पुढे वाचा.

कोपऱ्यातून येणाऱ्या सूचना

ब्राऊझरवर कुठलंही पान उघडं नसताना स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून सूचना येतात: अँटिव्हायरस संपला, तुम्ही फोन जिंकलात, तुमचं बँक खातं धोक्यात. घरोघरी सगळ्यात जास्त त्रास याचाच असतो आणि काढायला सगळ्यात सोपाही हाच.

अशी सूचना आली की ती घाईने घालवू नका. नीट पाहा. ठळक अक्षरातल्या मथळ्याच्या आसपास अगदी बारीक, फिकट अक्षरात एका वेबसाइटचं नाव असतं, बहुतेकदा अर्थहीन अक्षरांची जुळणी. हे नाव कागदावर लिहून घ्या. सूचना पाठवणारी साइट तीच, आणि तिला परवानगी या घरातूनच मिळालेली असते. कधी? एखाद्या फुकट सिनेमाच्या किंवा क्रिकेट दाखवणाऱ्या पानावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी ॲलाव दाबा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा. ते ‘ॲलाव’ म्हणजे सूचना पाठवायची परवानगी. माणूस असल्याच्या पडताळणीशी त्याचा काही संबंध नसतो.

क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा. तिथून सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. लिहून घेतलेलं नाव शोधा आणि ‘ब्लॉक’ करा. यादीतली ओळखीची नसलेली बाकी नावंही काढा. वर एक पर्याय आहे, कुठल्याच साइटला सूचनेची परवानगी मागू न देण्याचा. ज्येष्ठांच्या कंप्युटरवर तो बिनधास्त चालू ठेवावा, त्याने काही अडत नाही. एज आणि फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन्स’ असं इंग्रजीत टाइप केलं की हीच जागा सापडते. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्येही हाच उपाय चालतो.

शोध भलतीकडे जात असेल तर

गूगलवर काही शोधलं की अनोळखी पानावरून फिरून भलतेच निकाल येतात, मुखपृष्ठ बदललेलं असतं, प्रत्येक साइटवर जाहिराती उगवतात. याला ब्राऊझर हायजॅकर म्हणतात. इथे खरंच काहीतरी आत शिरलेलं असतं, बहुधा एक्स्टेंशनच्या, म्हणजे ब्राऊझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या रूपाने.

तीन ठिपक्यांतून एक्स्टेंशन्सची यादी उघडा आणि एकेकाला विचारा, हे मी घातलं का? पीडीएफ बदलून देणारं, व्हिडिओ उतरवणारं, कूपन शोधणारं, हवामान सांगणारं: संशयितांत हे सहसा असतात. पाल चुकचुकली तरी काढून टाका. चांगलं असेल तर पुन्हा घालायला मिनिटभर लागतं.

काढलेलं एक्स्टेंशन दुसऱ्या दिवशी परत आलं तर सिंककडे बघा. एकाच गूगल खात्याने दोन कंप्युटर चालत असतील तर एकीकडचं एक्स्टेंशन दुसरीकडे आपोआप पोहोचतं. आधी सिंक बंद करा, दोन्हीकडून एक्स्टेंशन काढा, मग सिंक सुरू करा.

काही वेळा ‘रिमूव्ह’चं बटणच नसतं आणि क्रोमच्या मेनूत तळाला लिहिलेलं असतं की हा ब्राऊझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते बरोबर आहे. घरच्या कंप्युटरवर संस्था कुठली आली? तिथे हा मजकूर दिसला तर हायजॅकरने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, स्वतःच्या नावे नियम लिहून ठेवले असण्याचा दाट संभव आहे. मात्र काही अँटिव्हायरसही असे नियम घालतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. रजिस्ट्रीत अंदाजाने हात घालू नका. आधी खाली दिलेलं ॲडव्ह्‌क्लीनर चालवा, त्यात असे नियम काढायची सोय आहे. तरी मजकूर राहिला तर जाणकार माणसाला बसवा.

कंप्युटरमधले पाहुणे

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास कधी सुरू झाला ते आठवा आणि त्या सुमाराला आलेले प्रोग्रॅम पाहा. ड्रायव्हर अपडेट करून देणारे, कंप्युटर वेगवान करणारे, स्वतःचाच ब्राऊझर घेऊन आलेले, असे न मागता आलेले सगळे अनइन्स्टॉल करा. फुकटचं सॉफ्टवेअर घालताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलं की हे सोबत येतात. अनइन्स्टॉल करतानाही वाचून दाबा. काही जण जाता जाता ‘हे ठेवा’ अशी खूण आधीच करून ठेवतात. एनीडेस्क वगैरे दिसलं आणि ते घरच्या कुणी कामासाठी घातलेलं नसेल तर तेही काढा.

एक जागा सहसा कुणी पाहत नाही. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर उजवी क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. ती सहसा ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरणचिन्हावर संपते. त्यापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा भाग खोडून ‘ओके’ करा. बाकी सगळं साफ करूनही दर वेळी तेच पान का उघडतं, याचं उत्तर कितीदा तरी याच ओळीत असतं.

मग ब्राऊझर रीसेट करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ आहे. फायरफॉक्समध्ये याला ‘रिफ्रेश’ म्हणतात. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेंशन क्रोममध्ये बंद होतात, फायरफॉक्समध्ये निघूनच जातात, आणि काही साइट्सवर पुन्हा लॉगिन करावं लागू शकतं.

शेवटी तपासणी. क्रोममध्ये पूर्वी सफाईचं अंगभूत साधन होतं, ते गूगलने २०२३ मध्ये काढलं. जुने लेख वाचून ते शोधत बसू नका. विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘फुल स्कॅन’ लावा. रात्री लावलं तर उत्तम, वेळ लागतो. संशय राहिला तर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’चा ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. त्यात कंप्युटर पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते. मालवेअरबाइट्सचं ॲडव्ह्‌क्लीनर फुकट आहे आणि नेमकं याच कामासाठी बनलेलं आहे. ते मालवेअरबाइट्सच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून सफाईची मोफत साधनं देतं.

कंप्युटर त्यांच्या हाती गेला असेल तर

फोन केला, ॲप घातलं, पैसेही गेले. लाजून गप्प बसू नका, कारण इथे एकेक मिनिट मोलाचं असतं. आधी वायफायचा राऊटर बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता यावेत म्हणूनच ती आहे. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे, पण जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, ईमेलचा सगळ्यात आधी. अशा कंप्युटरवर मात्र फॉरमॅट करून विंडोज नव्याने घालणंच शहाणपणाचं.

एक नवा सापळा याहून वाईट आहे. पान म्हणतं, पडताळणीसाठी विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने कंप्युटरला देता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत येतो. कुठलीही खरी पडताळणी असं करायला सांगत नाही. हे करून बसला असाल तर पैसे गेले नसले तरी नेट तोडा, ऑफलाइन स्कॅन लावा आणि पासवर्ड वर सांगितल्याप्रमाणे बदला.

परत होऊ नये म्हणून

फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन घाला. क्रोममध्ये त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. फसव्या खिडक्यांचा मोठा ओघ जाहिरातींतून येतो, तो तिथेच आटतो. एक-चौदा, वीजबिल, पासपोर्ट अशा कामांच्या सरकारी साइट्स एकदा खात्रीने शोधून बुकमार्क करून द्या, म्हणजे दर वेळी गूगलवरच्या पहिल्या जाहिरातीवर बोट पडणार नाही. कंप्युटर अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे लक्षात घेऊन ११ वर जाता येतं का ते बघा.

आणि चतुर्थीला घरी येणाऱ्या मुलांनी अर्धा तास काढून आई-बाबांसाठी विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारचं वेगळं खातं तयार करावं. ॲडमिनचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. मग बहुतेक प्रोग्रॅम घालताना तो पासवर्ड मागितला जाईल आणि आई आधी तुम्हाला फोन करेल.