व्हॅन गॉगचे रंग कसे बदलत गेले ते कॉम्प्युटरवर असं बघा

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत असेल तर हे जमण्यासारखं आहे, कोड फार नाहीये, खरी मेहनत फोटो गोळा करण्यात आहे. सुरुवातीला चित्रकार व्हॅन गॉगच घ्या, कारण त्याची सगळी कारकीर्द दहाएक वर्षांत आटपली आणि गाव बदललं की त्याचे रंगही बदलायचे, म्हणजे गट आयतेच मिळतात: १८८५ पर्यंत नेदरलँड्समधलं न्यूनेन, १८८६ ते ८८ पॅरिस, मग दक्षिण फ्रान्समधलं आर्ल, मे १८८९ पासून तिकडचंच सां-रेमी आणि १८९० मध्ये शेवटचं, पॅरिसजवळचं ओव्हेर.

फोटो शक्यतो म्युझियमच्या साइटवरूनच घ्या, कुठूनही उचलले तर एकच चित्र एकीकडे पिवळट आणि दुसरीकडे निळसर दिसतं आणि मग तुम्ही चित्रकार नाही, कॅमेरा मोजत बसता. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमच्या साइटवर बरीच चित्रं डाउनलोड करता येतात. फ्रेम, भिंत वगैरे क्रॉप करा, फोटो तीनशे-चारशे पिक्सेलपर्यंत लहान करा, तेवढं पुरतं.

आता सरासरी रंग काढायचा मोह होईल, काढू नका! निळं आणि पिवळं एकत्र केलं की करडा चिखल हाती येतो आणि आर्लची चित्रं म्हणजे तर निळ्या-पिवळ्याचाच खेळ. त्यापेक्षा आरजीबीचं (लाल-हिरवा-निळा) लॅबमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे मोजणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करा (ओपनसीव्ही ही पायथनमधली फोटोंची लायब्ररी फोटो बीजीआर, म्हणजे निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने उघडते हे विसरलात तर लाल-निळं उलटं होईल), मग के-मीन्स (सारख्या रंगाच्या पिक्सेलचे गट पाडणारी पद्धत) लावून प्रत्येक चित्राचे सहा-आठ मुख्य रंग आणि कुठला किती टक्के हे काढा. लॅबमधला एल म्हणजे उजेड, ए आणि बी हे रंगाचे दोन आकडे (ए हिरव्या-लालचा, बी निळ्या-पिवळ्याचा), आणि ए-बीच्या आलेखात ठिपका मधल्या शून्यापासून जितका लांब तितका रंग भडक. न्यूनेनच्या 'पोटॅटो ईटर्स' या चित्राचे ठिपके मध्याजवळच घोटाळतात, आणि ते साहजिकच आहे, न सोललेल्या धुळकट बटाट्याचा रंग हवा होता हे त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय.

पण आलेख आला की लगेच निष्कर्ष काढू नका, कारण कॉम्प्युटरला दिसतो तो आजचा रंग. आर्लच्या 'बेडरूम' या चित्रातल्या भिंती फिकट जांभळ्या आहेत असं त्याने ऑक्टोबर १८८८ मध्ये भावाला, थिओला, कळवलं होतं, आज त्या निळ्या दिसतात, कारण त्यातला लाल उडून गेलाय. क्रोम यलो हा त्याचा पिवळा रंग पण उजेडाने तपकिरी पडतो, त्यातलं क्रोमियम बदलतं म्हणून. त्यामुळे 'आर्लला त्याने जांभळा कमी केला' असं आकडे सांगत असले तरी आधी त्या चित्राबद्दलचं पत्र उघडा, सगळी पत्रं इंग्रजी भाषांतरासकट ऑनलाइन फुकट आहेत. मोजलेले रंग ज्या एक्सेल शीटमध्ये लिहाल तिच्यात 'पत्रातला रंग' असा वेगळा कॉलम ठेवा आणि जिथे तो आणि मोजलेला रंग जुळत नाहीत ती चित्रं बाजूला काढून आलेख पुन्हा काढा.