सूत्र लिहिण्याच्या आधी: व्यवस्थापन, संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या गृहपाठाविषयी

पदवीला माझा मुख्य विषय भौतिकशास्त्र होता, त्यानंतर मी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळले आणि संख्याशास्त्राने दोन्हीकडे माझी पाठ सोडली नाही. पुढे काही काळ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे गृहपाठ तपासण्याचे कामही माझ्याकडे आले. या तिन्ही विषयांच्या वह्या एकापाठोपाठ एक तपासताना जे वारंवार दिसले, ते महाविद्यालयात नव्याने आलेल्यांसाठी लिहीत आहे. विद्यार्थ्याचे गुण बहुतेक वेळा आकडेमोडीत जात नाहीत. ते सूत्र लिहिण्याच्या आधीच गेलेले असतात. उदाहरण कोणत्या परिस्थितीचे आहे हे न ठरवता हाताशी आलेले सूत्र वापरले, की पुढची दोन पाने कितीही नीटनेटकी असली तरी ती भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत राहतात.

ही सवय शाळेतून येते आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. शाळेच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी दिलेले उदाहरण त्याच प्रकरणातील सूत्राने सुटते, त्यामुळे निवड करण्याची वेळच येत नाही. महाविद्यालयात एकाच उदाहरणात दोन-तीन प्रकरणे मिसळलेली असतात, नको असलेली माहिती मुद्दाम दिलेली असते आणि हवी असलेली माहिती एखाद्या विशेषणात दडवलेली असते. म्हणून वहीत पहिल्यांदा सूत्र लिहू नये. काय विचारले आहे, काय दिले आहे आणि न सांगता काय गृहीत धरले आहे, या तीन गोष्टी आपल्या शब्दांत लिहून काढाव्यात. पहिल्या दोन सगळेच लिहितात. खरा कस तिसऱ्या गोष्टीत लागतो. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात ‘हलकी दोरी’ असे म्हटले, तर दोरीचे वस्तुमान सोडून द्यायचे आणि म्हणून तिच्यातील ताण सर्वत्र सारखा मानायचा, असा त्याचा अर्थ असतो. ‘हळूहळू सरकवले’ म्हणजे त्वरण शून्य मानायचे. संख्याशास्त्रात ‘यादृच्छिक नमुना’ हे दोन शब्द निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असल्याची परवानगी देतात आणि ती नसेल तर पुस्तकातील निम्मी सूत्रे वापरता येत नाहीत. असे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करण्याची सवय लावून घ्यावी.

भौतिकशास्त्रापासून सुरुवात करते, कारण तिथे गृहीतके सर्वात स्पष्ट दिसतात. ३० अंशांच्या उतारावरून एक ठोकळा खाली घसरतो आहे, गतिज घर्षणांक (घसरताना घर्षण बल आणि अभिलंब बल यांचे गुणोत्तर) ०.२ आहे, त्वरण काढा, हे नेहमीचे उदाहरण घेऊ. आधी आकृती काढावी आणि तीही फक्त ठोकळ्याची: त्याच्यावर सरळ खाली गुरुत्व बल, उताराला लंब दिशेने अभिलंब बल (उताराने दिलेला आधार) आणि गतीच्या उलट दिशेने, म्हणजे उतारावर वरच्या बाजूला, घर्षण बल. चौथा बाण काढायचा नाही. ‘खाली ढकलणारे बल’ म्हणून एक जादा बाण काढलेला मी असंख्य वह्यांत पाहिला आहे. तो गुरुत्व बलाचाच घटक असतो आणि त्यामुळे तेच बल दोनदा मोजले जाते. मग अक्ष उताराला समांतर आणि लंब घ्यावेत, म्हणजे त्वरण एकाच अक्षावर राहते. लंब दिशेचा हिशोब अभिलंब बल देतो, समांतर दिशेचा हिशोब त्वरण देतो: गुरुत्व त्वरण गुणिले, कंसात कोनाचा साइन वजा घर्षणांक गुणिले कोनाचा कोसाइन. किंमती भरल्या, की ९.८ गुणिले (०.५ − ०.१७३), म्हणजे सुमारे ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग.

बहुतेक जण इथे उत्तराला चौकट करून पुढच्या उदाहरणाकडे वळतात, पण या उदाहरणातून जे शिकायचे ते अजून शिल्लक आहे. सूत्रात वस्तुमान राहिलेले नाही, म्हणजे वस्तुमान दिले नव्हते ही छपाईची चूक नव्हती. कोन ९० अंश केला तर त्वरण गुरुत्व त्वरणाएवढे येते, जे मुक्त पतनाशी जुळते. कोन शून्य केला तर मात्र उत्तर ऋण येते, आणि आडव्या टेबलावर ठेवलेला ठोकळा काही आपोआप मागे सरकत नाही. याचा अर्थ आपले सूत्र घसरत असलेल्या ठोकळ्याचे आहे. कोनाचा टॅन्जंट ०.२ पेक्षा कमी, म्हणजे कोन सुमारे ११.३ अंशांपेक्षा कमी असेल, तर आधीच घसरत असलेला ठोकळा मंदावत जाऊन थांबेल, आणि थांबलेला ठोकळा घसरू लागेल का, हे ठरवण्यासाठी स्थितिक घर्षणांक (स्थिर वस्तूसाठीचा) लागेल. याच उतारावर ठोकळा स्थिरावस्थेतून २ मीटर घसरला, तर वेग किती, असे पुढे विचारले असेल तर उत्तर सुमारे ३.६ मीटर प्रति सेकंद येते. ते बरोबर वाटते का? २ मीटर उतार म्हणजे १ मीटर उंची, आणि घर्षण नसते तर ऊर्जेच्या नियमाने वेग सुमारे ४.४ आला असता. आपले उत्तर त्यापेक्षा कमी आहे, म्हणून ते निदान अशक्य तरी नाही. असा पडताळा दोन मिनिटांत होतो आणि पाठ्यपुस्तकाच्या मागे उत्तर दिलेले नसते तेव्हा तोच आधार असतो.

कॅल्क्युलेटरची गंमत जाता जाता सांगते. तो अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर) ठेवला असेल तर ३० चा साइन −०.९८८ असा येतो, आणि वरच्या उदाहरणात ठोकळा जवळजवळ १० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने उतार चढू लागतो, म्हणजे मुक्त पतनापेक्षाही जोरात आणि उलट दिशेने. असे उत्तर चौकटीत बसवून दिलेल्या वह्या येतात, म्हणून हे लिहिले.

संख्याशास्त्रात आकृती काढून बलांचे बाण दाखवता येत नाहीत, त्यामुळे गृहीतके अधिक खोल दडतात. इथला गृहपाठ म्हणजे बहुतांशी योग्य पद्धत निवडण्याचा सराव असतो. एका प्रक्रियेची सरासरी ५० असल्याचा दावा आहे. २५ निरीक्षणांच्या नमुन्याची सरासरी ५२ आणि प्रमाण विचलन ६ आले. सरासरी वाढली आहे असे ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे वाढ नसताना ‘वाढली’ म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांपर्यंत ठेवून) म्हणता येईल का, असा प्रश्न समजा. प्रमाण त्रुटी म्हणजे ६ भागिले २५ चे वर्गमूळ, म्हणजे १.२, आणि फरक २ असल्यामुळे कसोटीचे मूल्य १.६६७ येते. आता तक्ता कोणता उघडायचा? झेड-वितरणाच्या (म्हणजे प्रसामान्य वितरणाच्या) तक्त्यात एकपुच्छी (फक्त वाढीकडे पाहणाऱ्या) कसोटीची सीमा १.६४५ आहे, आपले मूल्य तिच्या पुढे गेले, म्हणून शून्य परिकल्पना (म्हणजे सरासरी ५० असल्याचा दावा) नाकारायची. टी-वितरणाच्या तक्त्यात २४ स्वातंत्र्य मात्रांसाठी (निरीक्षणांपेक्षा एकने कमी) सीमा १.७११ आहे, मूल्य तिथवर पोचत नाही, म्हणून नाकारता येत नाही. आकडेमोड तीच, आणि निष्कर्ष उलटे.

निर्णय प्रश्नातल्या एका तपशिलावर अवलंबून आहे: ६ हे प्रमाण विचलन नमुन्यातून काढलेले आहे, समष्टीचे (संपूर्ण प्रक्रियेचे) म्हणून आधीच ठाऊक असलेले नाही. नमुन्यातून काढलेल्या विचलनात स्वतःची अनिश्चितता असते, ती धरण्यासाठी टी-वितरणाच्या शेपट्या जाड असतात आणि सीमा पुढे सरकते. १९०८ मध्ये गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध केला, तो याच अडचणीवर होता: हाताशी निरीक्षणे थोडी असताना सरासरीविषयी कितपत खात्रीने बोलता येते? हे कारण एकदा कळले, की ‘निरीक्षणे ३० पेक्षा कमी असतील तर टी’ असा घोकलेला नियम फार लागत नाही. विचलन कुठून आले, एवढे विचारले तरी पुरते.

निष्कर्षाची भाषा हा या विषयातला दुसरा खड्डा. वरच्या उदाहरणात पी-मूल्य सुमारे ०.०५४ येते. त्यावरून ‘सरासरी ५० असण्याची शक्यता ५.४ टक्के आहे’ असे लिहिले जाते, जे चूक आहे. सरासरी खरोखर ५० असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने ५.४ टक्के वेळा दिसला असता, एवढेच ते मूल्य सांगते. तसेच शून्य परिकल्पना ‘सिद्ध झाली’ असे कधीही लिहू नये. पुरावा अपुरा पडला, असे लिहावे. विचारले नसले तरी मी ९५ टक्क्यांचा विश्वासांतर (खरी सरासरी ज्या टप्प्यात असावी असा अंदाज) काढून पाहण्याचा सल्ला देते. इथे तो ४९.५ ते ५४.५ येतो आणि ५० त्याच्या आत, पण काठाजवळ आहे, हे एका नजरेत दिसते. शिवाय आकडे मिळाले की आधी आलेख काढावा. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम यांनी मांडलेले चार संच यासाठी प्रसिद्ध आहेत: चौघांची सरासरी, प्रचरण (विखुरण्याचे माप), सहसंबंध गुणांक आणि प्रतिगमन रेषा (बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा) जवळजवळ सारखीच, परंतु आलेखावर एक साधा विखुरलेला, एक वक्र, एक सरळ रेषेतला पण एका बाहेर पडलेल्या बिंदूने बिघडवलेला आणि एक, एका बिंदूखेरीज, उभ्या रेषेत अडकलेला.

व्यवस्थापनाची उदाहरणे वरवर सोपी दिसतात, कारण त्यांत बहुधा बेरीज-वजाबाकीच असते. तिथली अडचण वेगळी आहे: दिलेल्या आकड्यांपैकी कोणते या निर्णयाशी संबंधित आहेत? एका नगाचा एकूण खर्च ७० आहे, त्यात ४५ बदलता खर्च आणि २५ स्थिर खर्चाचा वाटा. नेहमीची विक्री किंमत ८०. एका ग्राहकाने ५५ दराने मोठी मागणी नोंदवली आहे. ती स्वीकारावी का? ७० पेक्षा ५५ कमी, म्हणून नाकारावी, हे उत्तर निम्म्याहून अधिक वह्यांत असायचे. पण कारखान्याची क्षमता रिकामी असेल तर स्थिर खर्च मागणी घेतली काय नि नाकारली काय, तेवढाच राहणार आहे, आणि प्रत्येक नगामागे १० चे योगदान (किंमत वजा बदलता खर्च) मिळत असल्यामुळे मागणी घ्यावी. क्षमता पूर्ण वापरात असेल तर मात्र नेहमीच्या विक्रीतील ३५ चे योगदान सोडून हे १० घ्यावे लागतील, म्हणून घेऊ नये. प्रश्नात क्षमतेविषयी एखादे वाक्य हमखास असते आणि सगळे उत्तर त्यावरच टेकलेले असते. कमी दराची बातमी नेहमीच्या ग्राहकांपर्यंत पोचली तर काय, हे एका ओळीत लिहिणाऱ्याला मी आनंदाने गुण देत असे.

निव्वळ वर्तमान मूल्याच्या (पुढे मिळणाऱ्या रकमांचे आजचे मूल्य वजा गुंतवणूक) उदाहरणांत वेळेचा मुद्दा येतो. आज १,००,००० गुंतवले आणि पुढील तीन वर्षे प्रत्येक वर्षअखेरीस ४०,००० मिळाले, तर बेरीज १,२०,००० होते आणि प्रकल्प फायद्याचा वाटतो. १० टक्के दराने त्या तीन रकमांचे आजचे मूल्य सुमारे ९९,४७४ भरते, म्हणजे निव्वळ मूल्य −५२६. ९ टक्के दर घेतला तर तेच +१,२५० च्या आसपास जाते. दर कुठून आला, हे उत्तरात लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे. एक्सेल वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: त्यातील एनपीव्ही फंक्शन पहिली रक्कमही पहिल्या वर्षाच्या अखेरीस आली असे मानते. सुरुवातीची गुंतवणूक त्याच्या कंसात टाकली तर −५२६ ऐवजी −४७८ असे उत्तर येते. ती बाहेर ठेवून वेगळी वजा करावी. वर्तमान मूल्याच्या तक्त्यातील तीन दशांश स्थळांचा गुणक वापरला तर उत्तर −५२० येते, आणि ते चूक नसते, फक्त कोणता गुणक घेतला ते नोंदवावे. मधल्या पायऱ्यांत आकड्यांचे दशांश कापू नयेत, हे तिन्ही विषयांना लागू आहे.

मदत घेण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सोडवलेली उदाहरणे, वरच्या वर्गातील मित्र, संगणकावर क्षणात उत्तर देणारी साधने, हे सगळे वापरावे, पण आपण तीन गोष्टी लिहून आणि आकृती काढून झाल्यानंतर. अडलो की उत्तराची पहिली ओळ पाहावी, ते मिटावे आणि पुढे स्वतः जावे. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचून काढल्या की कळल्यासारखे वाटते, आणि कोरा कागद समोर आला की हात थांबतो. शिक्षकांकडे जाताना ‘मला हे येत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘इथपर्यंत आलो, इथे अभिलंब बल वजनाएवढे का घ्यायचे नाही ते कळले नाही’ असे विचारले, तर पाच मिनिटांत काम होते. चर्चा गटात करावी, लिखाण मात्र एकट्याने करावे. सारख्याच ठिकाणी सारखीच चूक असलेल्या चार वह्या तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

गृहपाठ मिळाला त्याच दिवशी निदान सर्व प्रश्न वाचून गृहीतके लिहून ठेवावीत, मग सोडवायला दोन दिवसांनी बसले तरी चालते. आणि तपासलेली वही परत आली की गुण पाहून ती कपाटात टाकू नये. लाल रेघ जिथे पडली आहे ते उदाहरण, खाली लिहिलेला शेरा झाकून, नव्या पानावर पहिल्यापासून सोडवावे. मग शेरा उघडून आपण कुठे वळण चुकलो होतो ते एका ओळीत समासात लिहावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ्यपुस्तकापेक्षा या समासातील ओळी आधी वाचाव्यात.