रिपीटर इंटरनेटला जोडताय? या चुका टाळा

हॅम रेडिओच्या रिपीटरला (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर पुन्हा पाठवणारा टेकडीवरचा सेट) इंटरनेट जोडायचं ठरलं की मंडळी सगळ्यात आधी जोडणीच्या सिस्टिमबद्दल विचारतात, "एकोलिंक घेऊ, आयआरएलपी घेऊ की ऑलस्टार?" यावर मी उलट विचारतो, नेट नसताना तुमचा रिपीटर कसा चालतो? तासगावचा माणूस मिरजेच्या माणसाशी स्वच्छ बोलू शकतो का? वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पाणी शिरलेल्या भागांत वीज बंद ठेवावी लागली. अशा वेळी आधी घरचा राउटर जातो, मागोमाग मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात. मग कामाला येतो तो टेकडीवरचा साधा रिपीटर. इंटरनेटची लिंक त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. खालच्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

टेल लिंकवर जाऊ देणं

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे, आणि लोक तिचं खापर नेहमी इंटरनेटवर फोडतात.

सांगलीकडचा एक रिपीटर आणि साताऱ्याकडचा एक, दोन्हीकडे घरी ठेवलेला लिंक रेडिओ (रिपीटरशी हवेतून बोलणारा सेट), त्याला कॉम्प्युटर आणि एकोलिंक. हा सगळा संच म्हणजे नोड. संध्याकाळी जोडणी झाली, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, गप्पा झाल्या आणि मंडळी झोपली. लिंक मात्र चालूच राहिली. सकाळी एका टेकडीवरची बॅटरी तळाला गेलेली, दुसरीकडच्या ट्रान्समीटरच्या हीटसिंकला हात लावता येईना. मग सुरू झाली दुरुस्ती. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, साउंड कार्ड बदललं, इंटरनेट कंपनीला फोन केले. दोन-तीन आठवडे हेच चाललं. मला बोलावलं तेव्हा मी कशालाच हात लावला नाही. रिपीटरच्या आउटपुटवर हँडी (हातातला छोटा सेट) लावली आणि ऐकत बसलो. बीप, शांतता, बीप, शांतता. माणसाचा आवाज कुठेच नाही. लॉगमध्येही तेच: ठरावीक अंतराने नोड उघडतोय, बंद होतोय.

दोन रिपीटर एकमेकांच्या शिंकेला शिंकून उत्तर देत होते. कोणी बोलून पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) सोडली की रिपीटर लगेच बंद होत नाही. दोन-चार सेकंद कॅरिअर (आवाजाशिवायचा कोरा सिग्नल) चालू राहतो, मध्ये कोर्टसी बीप, म्हणजे बोलणं संपल्याची खूण, वाजते. तो हँग टाइम, म्हणजेच टेल. घरचा लिंक रेडिओ नुसता कॅरिअर पाहून उघडत असेल तर त्याच्या दृष्टीने टेलसुद्धा बोलणंच. तो ते नेटवर पाठवतो. तिकडचा रिपीटर त्यावर चालू होतो, मग त्याची टेल इकडे येते, इकडची पुन्हा तिकडे जाते. कोणी थांबवेपर्यंत हे थांबत नाही.

यावरचे शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत. एकाने सॉफ्टवेअरमधला अँटी-थंपचा वेळ (ट्रान्समिट संपल्यावर नोड रेडिओकडे दुर्लक्ष करतो तो) वाढवत वाढवत टेलपेक्षा मोठा केला. पिंगपाँग थांबलं खरं, पण तिकडचं बोलणं संपताच इकडच्या माणसाने लगेच उत्तर दिलं तर त्याचं पहिलं वाक्यच गायब व्हायला लागलं. शिवाय रिपीटरने मोर्समध्ये आपला कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) पाठवला की ते सगळं पुन्हा सुरू. दुसऱ्याने हँग टाइमच शून्य केला. मग प्रत्येक ओव्हरला, म्हणजे एकाचं बोलणं संपलं की, रिपीटर खटकन पडायचा आणि गाडीतून बोलणाऱ्याला कळेना की आपण पोचतोय की नाही.

खरा उपाय रिपीटरवर आहे. रिपीटरच्या ट्रान्समीटरने सीटीसीएसएस टोन (बोलण्याखाली चालणारा, सेटवर ऐकू न येणारा बारीक सूर) फक्त रिसीव्हर उघडा असेपर्यंत पाठवायचा. टेल, बीप आणि मोर्स हे सगळं बिनटोनचं जाऊ द्यायचं. लिंक रेडिओला टोन स्क्वेल्च लावायचा, म्हणजे टोन असेल तरच तो उघडेल. टोन ८८.५ हर्ट्झचा ठेवा नाहीतर १२३चा, फरक पडत नाही. तो कधी बंद होतो, याकडे लक्ष द्या. रिपीटर चालवणाऱ्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये ही सोय असते, फक्त मॅन्युअल शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आणखी एक खाच. सेटच्या मागच्या सहा पिनांच्या डेटा जॅकवर सहावी पिन स्क्वेल्चची असते. काही सेटमध्ये ती पिन नुसत्या कॅरिअरवर उघडते, टोनकडे पाहतच नाही. स्पीकर गप्प असतो आणि पिन मात्र "कोणीतरी बोलतंय" असं सांगत राहते. म्हणून मी प्रत्येक नवीन सेटला, टेकडीवर काही नेण्याआधी, टेबलावर रिपीटरसोबत, अँटेनाऐवजी डमी लोड लावून तपासतो. हँडीची पीटीटी दाबायची, सोडायची. सोडल्यावर लिंक सेटच्या एस-मीटरवर कॅरिअर दिसत राहिला पाहिजे आणि त्याच क्षणी पिनवरचं व्होल्टेज बदललं पाहिजे. मल्टिमीटर लावून डोळ्यांनी बघा. कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

पोर्ट उघडले, तरी कोणी येत नाही

"काका, पोर्ट सगळे ओपन केलेत, तरी कोण कनेक्टच होईना." साताऱ्याहून हा फोन मला वर्षातून अनेकदा येतो. नोड लॉगइन होतो, यादी दिसते, यादीत स्वतःचं नावही दिसतं, पण बाहेरच्या कोणालाही आत येता येत नाही. एकोलिंकला बाहेरून आत येण्यासाठी यूडीपी ५१९८ आणि ५१९९ लागतात. यादी दिसते ती टीसीपी ५२०० वरून, आणि ती जोडणी आतून बाहेर जाते. म्हणून यादी दिसली म्हणजे सगळं ठीक, असं समजणं चुकीचं आहे.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंत, ठीक. आता राउटरच्या पानावरचा वॅन आयपी कागदावर लिहा. मग ब्राउजरमध्ये "माझा आयपी" दाखवणारं कोणतंही पान उघडून तो शेजारी लिहा. दोन्ही वेगळे असतील तर थांबा. वॅन आयपी १०.ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे आणि तुमच्या राउटरच्या पुढे त्यांचाही एक राउटर आहे. त्यात तुम्हाला पोर्ट उघडता येत नाही. मोबाइल डाँगलवर बहुतेक वेळा हेच असतं, टेकडीवर तर डाँगलशिवाय दुसरं काही मिळतच नाही.

यवतेश्वरकडे राहणाऱ्या एका होतकरू मुलाने या भानगडीत नवीन राउटर घेतला. तरी जमेना, म्हणून आणखी महागडा घेतला. दोन आयपी शेजारी लिहून पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ती न देता हजारो रुपये खर्च करणं मला बघवत नाही. आधी मोजा, मग विकत घ्या.

मग करायचं काय? इंटरनेट देणाऱ्याकडे स्टॅटिक (कायमचा, सार्वजनिक) आयपी मागा, ब्रॉडबँडवर तो थोड्या जादा पैशांत मिळू शकतो. नाहीतर एकोलिंकची प्रॉक्सी (तुमच्या वतीने जोडणी घेणारा मधला सर्व्हर) वापरा. पण सार्वजनिक प्रॉक्सी एका वेळी एकालाच मिळते, त्यामुळे चोवीस तासांच्या नोडला स्वतःची हवी. मला स्वतःला भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन त्यावर व्हीपीएनने नोड बांधणं आवडतं. ऑलस्टारला एकच यूडीपी पोर्ट लागतो, ४५६९, आणि नोडने स्वतःहून हबला (अनेक नोड जोडणाऱ्या मधल्या नोडला) जोडणी केली तर सीजीनॅटच्या मागूनही जोडणी होते. डाँगलवरच भागवायचं असेल तर मी ऑलस्टारच सुचवतो. आणि एका सार्वजनिक आयपीमागे एकोलिंकचे दोन नोड चालवायचा हट्ट करू नका. पोर्ट ठरलेले आहेत, एकच चालेल.

लिंक रात्रंदिवस मोठ्या कॉन्फरन्सला लावून ठेवणं

अनेक नोड एकत्र बोलतात अशा कॉन्फरन्सला नवीन लिंक जोडून जगभरचे आवाज ऐकायची हौस मी समजू शकतो. पण चार दिवसांनी होतं काय? विट्याचा निवृत्त शिक्षक सकाळी आपल्या मित्राला बोलवायला सेट लावतो आणि त्याला दुसऱ्या खंडातलं हवामान ऐकू येतं. तो सेट बंद करतो आणि पुन्हा लावत नाही. माणसं अशी गेलेली मी पाहिली आहेत, ती परत आणणं फार अवघड आहे.

यात तांत्रिक धोकाही आहे. घरचा लिंक रेडिओ रिपीटरच्या इनपुटवर ट्रान्समिट करत असताना काहीच ऐकू शकत नाही. कॉन्फरन्समध्ये लोक एकामागून एक बोलत असतील तर तुमचा डीटीएमएफ कोड (कीपॅडच्या टोनने दिलेली आज्ञा) त्याला पोचणारच नाही, लिंक तोडता येणार नाही. त्याच वेळी कोणी इमर्जन्सीसाठी हाक मारली तर दोन सिग्नल एकाच इनपुटवर भिडतात आणि एफएममध्ये जो जोरदार तोच ऐकू येतो. घरच्या छतावरचा पंचवीस वॉटचा लिंक रेडिओ जिंकतो, पुरात अडकलेल्या माणसाची पाच वॉटची हँडी हरते. म्हणून नोड शक्यतो कंट्रोलरच्या स्वतंत्र पोर्टला वायरने जोडा आणि स्थानिक रिसीव्हरला प्राधान्य द्या. ते जमत नसेल तर रिपीटरवर कंट्रोलसाठी वेगळा यूएचएफ रिसीव्हर ठेवा, आणि लिंक काही मिनिटं वापरात नसली की आपोआप तुटेल असा टायमर लावा. लिंक मागितल्यावर जोडली जावी, आणि एरवी रिपीटर आपल्या माणसांचा असावा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

परदेशी लेखातली फ्रिक्वेन्सी जशीच्या तशी उचलू नका. अमेरिकेत दोन मीटर १४८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, आपल्याकडे १४४ ते १४६. आपला ७० सेंटीमीटर ४३४ ते ४३८. त्यांच्या लेखातला ४४६चा लिंक इथे बँडबाहेर आहे.

परवानगी नंतर बघू, असं म्हणू नका. परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी विंग देते. रिपीटर कुठे आणि त्याला काय जोडणार हे लेखी मांडा, उत्तर लेखी घ्या, फाइल जपून ठेवा. एकोलिंकलाही कॉलसाइन पडताळायला परवान्याची प्रत लागते. रिपीटरच्या नोडला कॉलसाइनच्या शेवटी -आर, रिपीटरविना एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या सिम्प्लेक्स लिंकला -एल, हेही नीट लावा.

व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप चालू होणाऱ्या स्विचवर) लिंक चालवू नका. नुसत्या खरखरीनेही नोड उघडतो आणि हळू बोलणाऱ्याचे शब्द तुटतात. स्क्वेल्चची वायर ओढायला अर्धा तास लागतो, तो द्या.

ऑडिओ स्पीकरच्या जॅकवरून घेऊ नका. घरातलं कोणीतरी व्हॉल्यूम फिरवतं आणि सगळी लेव्हल बिघडते. डेटा जॅकवरून घ्या. तिथेही ९६०० आणि १२०० अशा दोन पिना असतात. ९६००च्या पिनवरचा आवाज डी-एम्फसिसशिवाय, म्हणजे उंच सूर कमी न करता, येतो, तो तसाच पाठवला तर कानाला टोचतो.

लेव्हल कानाने ठरवायची असेल तर एकोटेस्टला, नोड ९९९९ला, जोडून स्वतःचा आवाज परत ऐका. नेटवरून येणारा आवाज स्थानिक आवाजाइतकाच हवा, मोठा नको. डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती हलते ते) ५ किलोहर्ट्झच्या वर जाता कामा नये.

विंडोजचे सगळे आवाज बंद करा. मेल आल्याची टिंग संपूर्ण जिल्ह्याने ऐकायची गरज नाही.

तेच दोन नोड दोन वाटांनी जोडू नका. ऑलस्टारने एकमेकांना जोडलेले आणि पुन्हा दोघेही त्याच एकोलिंक कॉन्फरन्समध्ये, असं केलंत की आवाज गोल फिरत राहतो.

पीटीटी दाबल्यावर एक-दोन सेकंद थांबून बोला, आणि दोन ओव्हरमध्ये जागा सोडा. नेटवर उशीर असतो, पहिलं अक्षर कापलं जातं. नवीन मंडळींना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं आणि ते सांगण्यात कमीपणा नाही.

लिंकसाठी स्वस्तातली हँडी चार्जरवर ठेवून चालवू नका. ती तासन्तास ट्रान्समिट करण्यासाठी केलेली नाही. मोबाइल रिग घ्या, कमी पॉवरवर ठेवा, पंखा लावा आणि तीन मिनिटांचा टाइमआउट द्या.

गुणगुण येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ६०० ओहमचे एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, केबलला फेराइट लावा.

नोडसाठी वापरलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आयता आलेला पासवर्ड ठेवून, दुरून लॉगइन करायचा पोर्ट २२ जगाला उघडा करू नका.

आणि पायचं मेमरी कार्ड. पावसाळ्यात टेकडीवर वीज दिवसातून कितीतरी वेळा जाते, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड खराब होतं. पाय नेहमी बॅटरीवरून चालवा, लॉग रॅममध्ये ठेवा. सगळं नीट चालू झालं की त्याच दिवशी कार्डची हुबेहूब प्रत काढून, त्यावर तारीख लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिपीटरच्या पेटीतच चिकटवून ठेवा. जुलैच्या धुक्यात वर जो कोणी पोचेल, त्याला फक्त कार्ड बदलावं लागेल.