ब्राम्सचा क्लॅरिनेट सोनाटा : या चुका टाळा

आता लिहिणं थांबवतो म्हणणाऱ्या जर्मन संगीतकार ब्राम्सने १८९१ मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेनच्या ऑर्केस्ट्रातल्या रिखार्ट म्यूलफेल्डचं क्लॅरिनेट ऐकलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. १८९४च्या उन्हाळ्यात, ऑस्ट्रियातल्या बाड इशल इथे, ओपस (रचना क्रमांक) १२०चे दोन सोनाटे, म्हणजे क्लॅरिनेट आणि पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना, झाले. त्यातल्या पहिल्याची, एफ मायनर या स्वरपट्टीतल्याची, माझ्याकडे येणारी मुलं जी दुर्दशा करतात ती बघून हे लिहितोय.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पियानोला साथीची पेटी समजणं. आपण गाऊ, तो मागून येईल! पण इथे पहिले चार बार (तालाची आवर्तनं) पियानोचे एकट्याचे आहेत. दोन्ही हातांत तीच चाल, सप्तकाच्या अंतराने. खाली कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, आधारही नाही. क्लॅरिनेट शिरतं पाचव्या बारला.

एका मुलाने आपली ओळ रेकॉर्डिंग ऐकून पाठ केली होती. पियानोवाल्याबरोबर तालीम झाली एकच, तीही आदल्या संध्याकाळी. कार्यक्रमात पियानोवाल्याने जरा सावकाश उचललं. हा मात्र मनात स्वतःच्या लयीत चार बार मोजत होता, त्यामुळे चौथा संपायच्या आतच घुसला. पुढे दीड पान दोघं एकमेकांना शोधत होते. खाली उतरल्यावर म्हणतो, ‘सर, त्यांनी हळू सुरू केलं.’ अरे, सुरुवात त्यांची, मग लय कोण देणार? चूक माझीही होतीच. एका तालमीवर त्याला स्टेजवर सोडायला नको होतं.

तेव्हापासून पहिला आठवडा क्लॅरिनेट केसमध्येच राहतं. पियानोची प्रत समोर ठेवायची, ते चार बार आधी गायचे, मग चुकतमाकत पियानोवर वाजवायचे. त्या चार बारांचे तुकडे पुढे जिथे जिथे डोकावतात, तिथे लाल पेन्सिलीची खूण. माझ्या लेखी विश्लेषण हेच. एक्स्पोझिशन (चालींची मांडणी), डेव्हलपमेंट (त्यांचा विस्तार) या चिठ्ठ्या नंतर चिकटवा. ‘सर, टेम्पो किती?’ असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्याला मी चहा आणायला पाठवतो. ब्राम्सने इथे मेट्रोनोमचा (लय मोजायच्या यंत्राचा) आकडा दिलेलाच नाही.

क्लॅरिनेटचा कागद पाहून कॉर्ड लिहू नका. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, म्हणून एफ मायनरच्या जागी त्याच्या कागदावर जी मायनर दिसतो. सगळं एक पायरी वर लिहिलेली वही मी तपासली आहे.

याच सोनाट्याचं व्हायोलावरचं (व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या तंतुवाद्यावरचं) रेकॉर्डिंग ऐकून नक्कल करू नका. ती आवृत्ती ब्राम्सचीच आहे, पण काही जागा त्याने सप्तक बदलून लिहिल्यात.

बॅरल (तोंडाच्या भागाखालचा नळीचा तुकडा) ओढून एकदा सूर मिळवला की काम झालं, हाही भ्रमच. जोरात फुंकलं की क्लॅरिनेट उतरतं, हलकं फुंकलं की चढतं. पियानो जागचा हलत नाही. पहिल्या भागाचा शेवट हळुवार आहे, तिथेच पितळ उघडं पडतं. मी ते शेवटचं पान रोज सगळ्यात आधी वाजवून घेतो, ओठ दमायच्या आत.