घरच्या संगणकाचे व्हायरसपासून रक्षण कसे करावे

घरच्या संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की ‘चांगला अँटिव्हायरस विकत घ्या’ एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो. इंदूरमध्ये रामबाग आणि लोकमान्य नगर भागातील ओळखीच्या घरांत मी अनेक वर्षे संगणक लावून देत आलो आहे, आणि हा सल्ला मानून पैसे भरणाऱ्या, पण बाकी काहीही न करणाऱ्या घरांतूनच मला सर्वांत जास्त बोलावणी आली आहेत. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो आणि घरगुती वापरासाठी तो पुरेसा आहे. तो चालू असल्याची खात्री करावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अपडेट. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातील संगणक बंद पाडले, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे अशा दुरुस्त्या देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून संगणक पेलत असेल तर विंडोज ११ वर जावे.

यानंतर सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन रोजच्या वापरासाठी वेगळे ‘स्टँडर्ड’, म्हणजे मर्यादित अधिकारांचे खाते उघडावे आणि पूर्ण अधिकारांचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते फक्त नवीन प्रोग्राम टाकण्यापुरते ठेवावे.

मराठी टंकलेखनासाठी कोणत्याही अनोळखी साइटवरून फाँट किंवा कीबोर्डचा ‘सेटअप’ उतरवू नये. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टंकता येणारा फोनेटिकही आहे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान याच वाटेने झाले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा होता. त्यासाठी मी एका विकतच्या प्रोग्रामची ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली प्रत फुकटात उतरवली. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे त्यात लिहिले होते आणि मी तो बंद केला. रात्री झोपायला जाताना संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कचा निळा दिवा एकसारखा लुकलुकताना मला दिसला. बॅकअप, म्हणजे फाइलींच्या जादा प्रती घेणे, चालू असेल असे समजून मी खोलीतला दिवा मालवला. सकाळी प्रत्येक छायाचित्राच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे लागलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी होती. डिस्कवरच्या प्रतीही तशाच कुलूपबंद झाल्या होत्या, म्हणजे उघडत नव्हत्या. वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांतली छायाचित्रे त्यात गेली, ती आजतागायत परत मिळालेली नाहीत.

म्हणून बॅकअप कसा घ्यावा हे सविस्तर सांगतो. कायम जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. जिथे संगणक लिहू शकतो तिथे व्हायरसही लिहू शकतो. दोन डिस्क घ्याव्यात आणि एका रविवारी पहिली, पुढच्या रविवारी दुसरी अशी पाळी लावावी. एकच डिस्क असली आणि संगणक बिघडल्याचे लक्षात येण्याआधी ती जोडली गेली, तर चांगल्या प्रतीही हातच्या जातात. त्या आठवड्यात पाळी नसलेली डिस्क शक्य असल्यास नातेवाइकांकडे ठेवावी. घरात चोरी झाली किंवा पाणी शिरले तरी ती वाचते.

डिस्क जोडण्यापूर्वी संगणकावरची चार-पाच छायाचित्रे आणि एखादे जुने कागदपत्र उघडून पाहावे. ती नीट उघडली तरच डिस्क जोडावी. प्रती घेऊन झाल्या की डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करावी, केबल काढावी आणि डिस्क कपाटात ठेवावी. पहिल्या वेळी काही तास लागतात; नंतर फक्त नवे आणि बदललेले उतरवायचे असल्याने काम लवकर आटोपते.

प्रती घेण्याच्या प्रोग्रामात ‘मिरर’ हा पर्याय दिसला तर तो घेऊ नये. त्यात संगणकावरून पुसलेली फाइल डिस्कवरूनही पुसली जाते, आणि चुकून पुसले गेलेले परत मिळवण्यासाठीच तर आपण डिस्क घेतलेली असते. क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीच्या बाबतीतही हाच धोका आहे, कारण कुलूपबंद झालेली फाइल तिथल्या चांगल्या फाइलची जागा घेते. आपल्या सेवेत फाइलच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात आणि त्या परत कशा आणायच्या, हे एकदा स्वतः करून पाहावे. तसेच वर्षातून दोनदा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून त्यावरच्या फाइली उघडतात का हे तपासावे. न तपासलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

इतके करूनही संगणकात काही शिरलेच, तर आधी इंटरनेट तोडावे. खंडणी देऊ नये. पैसे देऊनही फाइली मिळण्याची खात्री नसते. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलावेत आणि खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. त्यानंतर विंडोज नव्याने टाकावी, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत कितीही घाई असली तरी कपाटातली डिस्क कपाटातच राहू द्यावी.