ब्रिज आणि स्विच: फरक नेमका कुठे, आणि कुठे काय लावायचं

ब्रिज आणि स्विच, म्हणजे एका नेटवर्कमधली मशिनं एकमेकांना जोडणाऱ्या दोन वस्तू, यांत फरक काय असं विचारलं की "ब्रिजला दोन पोर्ट (केबल खोचायच्या जागा), स्विचला जास्त" हे उत्तर इंटरव्ह्यूत पोरं घडाघडा सांगतात. चूक नाहीये ते, पण तेवढ्यावर एखाद्या ऑफिसात काय बसवायचं ते ठरवता येत नाही, म्हणून आधी दोघं करतात काय ते बघू.

काम एकच आहे. फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, आली की ती कुठल्या मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) आणि कुठल्या पोर्टमधून आली ते टेबलात लिहून ठेवायचं, मग जायचंय त्याचा ॲड्रेस टेबलात शोधायचा, सापडला तर तेवढ्याच पोर्टवर पाठवायची आणि नाही सापडला तर आली तो पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. साधारण ५ मिनिटं त्या ॲड्रेसवरून काहीच आलं नाही की नोंद पुसली जाते. आयपी ॲड्रेसशी दोघांनाही देणंघेणं नाही, त्यामुळे ट्रेसराउटमध्ये (डेटा कुठल्या कुठल्या राउटरमधून जातो ते दाखवणारी कमांड) ते दिसतच नाहीत.

फरक पडतो तो कसं करतात त्यात. ब्रिज आले तेव्हा एकाच कोॲक्स केबलवर (टीव्हीच्या केबलसारखी वायर) सगळी मशिनं लटकलेली असायची, एक बोललं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, दोघं एकदम बोलले की टक्कर. मध्ये ब्रिज टाकला की केबलचे दोन तुकडे पडायचे आणि इकडची टक्कर तिकडे जायची नाही. १९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने ७ पोर्टचा इथरस्विच काढला, म्हणजे खरं तर जास्त पोर्टचा फास्ट ब्रिजच, आणि १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनीच घेतली. आजच्या स्विचमध्ये हे काम खास चिप करते, एका पोर्टला एक मशीन, फुल डुप्लेक्स (पाठवणं आणि घेणं एकाच वेळी), म्हणून टक्कर उरतच नाही. ब्रिज आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये राहतो.

स्वतः करून बघायचं तर दोन लॅन कार्ड असलेला विंडोज पीसी घ्या. नेटवर्क कनेक्शन्स उघडा, कंट्रोल दाबून दोन्ही कार्डं सिलेक्ट करा, राइट क्लिक करून ब्रिज कनेक्शन्स निवडा. नेटवर्क ब्रिज नावाचा नवा आयकॉन येईल आणि आयपी आता त्याच्यावर असेल, कार्डांवर नाही (इथेच लोक गोंधळतात आणि कार्डाला आयपी देत बसतात). एका कार्डाला राउटर, दुसऱ्याला लॅपटॉप जोडा, लॅपटॉपला राउटरकडूनच आयपी मिळेल. मग पीसी बंद करा, लॅपटॉपचं नेट गेलं. स्विच का घ्यायचा ते तिथेच कळतं. वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका, ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) सहसा ब्रिजच्या मागच्या मशीनच्या मॅकवरून आलेल्या फ्रेम घेत नाही.

फायबरवाल्याकडे ओएनटी (त्याने घरात बसवलेला फायबरचा डबा) "ब्रिज मोड" वर टाकून मागतात ना, तोही हाच ब्रिज. ओएनटी राउटिंग सोडून देतो, फक्त फ्रेम पुढे ढकलतो, आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला जोडायची पद्धत) लॉगिन तुमच्या राउटरमध्ये टाकावं लागतं. यूजरनेम पासवर्ड आधी लिहून घ्या, मगच मोड बदला.

बाकी टेबलाखाली चार मशिनं जोडायचीत तर डोळे झाकून गिगाबिटचा साधा स्विच घ्या.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो, लूप करू नका, म्हणजे केबल फिरून त्याच नेटवर्कात परत येऊ देऊ नका. एका अकाउंट्सच्या ऑफिसात सकाळी कुणाचंच नेट चालेना, जाऊन बघतो तर ८ पोर्टच्या स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकतायत. साफसफाई करताना खाली लोंबणारी केबल कुणीतरी चांगल्या मनाने रिकाम्या पोर्टमध्ये खोचली होती, दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. ब्रॉडकास्ट फ्रेमला, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेल्या फ्रेमला, मरण नसतं, ती फिरतच राहते आणि सगळं बुडवते. असलं अडवायला स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जादाचा रस्ता बंद करणारी पद्धत) असतो, तो १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी ब्रिजसाठीच बनवला, पण स्वस्तातल्या अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणाऱ्या) स्विचमध्ये बहुतेक वेळा नसतो. मॅनेज्ड असेल तर सेटिंगमध्ये चालू आहे ना बघा, नसेल तर प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबरची पट्टी चिकटवा आणि लोंबती केबल काढूनच टाका.