मागे चालणारी गाडी सिग्नल पकडत नाही? रिसीव्हरमधल्या या चुका टाळा

कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेला ४० किलोहर्ट्झचा अल्ट्रासोनिक (कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारा) ट्रान्समीटर बांधायचा आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून तिच्या मागे छोटी गाडी चालवायची. विदर्भातल्या कोणत्याही शाळेने हाती घ्यावा असा हा प्रकल्प आहे. गाडी भरकटली की मुलं आधी प्रोग्रॅम उकरतात. माझ्या मते पहिला संशय गाडीवरच्या रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरवर (सिग्नल मोठा करणाऱ्या भागावर) घ्यावा.

एलएम३५८ हा ऑप-ॲम्प (ॲम्प्लिफायरची चिप) स्वस्त आणि सहज मिळणारा, म्हणून तोच लावतात आणि एकाच टप्प्यात हजारपट गेन, म्हणजे हजारपट मोठा सिग्नल, मागतात. त्याचा गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन गुणिले वारंवारता, याची चिपची मर्यादा) साधारण १ मेगाहर्ट्झ. त्याला ४० किलोहर्ट्झने भागा, हाती उरतात जेमतेम २५ पट. मग रेझिस्टर कितीही बदला, गेन वाढत नाही. १० मेगाहर्ट्झचा एमसीपी६०२२ घ्या आणि ३०-३० पटीचे दोन टप्पे करा, म्हणजे ९०० पट मिळेल. टीएल०७२ बऱ्याच जुन्या सर्किटांत दिसतो, पण त्याला ५ व्होल्ट पुरत नाहीत.

दुसरी चूक मोटारीची. पीडब्ल्यूएम (वेग ठरवण्यासाठी मोटारीची वीज भराभर चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झवर ठेवला तर त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा तरंग) नेमका ४० वर येतो आणि रिसीव्हर त्यालाच सिग्नल समजतो. पीडब्ल्यूएम १ किलोहर्ट्झच्या खाली आणा, मोटारीच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा आणि मोटारीची ग्राउंड वायर थेट बॅटरीपर्यंत वेगळी न्या.

वेचणीच्या दिवसांत सकाळी गारठा आणि दुपारी ऊन. सकाळी ४० किलोहर्ट्झवर जुळवलेला ५५५ (टायमर चिप) दुपारपर्यंत सरकतो, आणि ट्रान्सड्यूसरचा (आवाज सोडणाऱ्या किंवा पकडणाऱ्या डबीचा) वारंवारतेचा पट्टा एक-दोन किलोहर्ट्झचाच. त्यापेक्षा १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या मायक्रोकंट्रोलरचा टायमर ४०० ने भागा, बरोबर ४० मिळतात. ट्रान्सड्यूसरवरची टी (ट्रान्समीटर) आणि आर (रिसीव्हर) ही अक्षरंही पाहून घ्या. अदलाबदल झाली तर पल्ला घटतो.

प्रतिध्वनीवर चालणारा एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर इथे नको. फुटलेली बोंडं आणि कपडे आवाज शोषतात. दोन रिसीव्हर १५ सेंटीमीटर अंतरावर बसवा आणि सिग्नल आधी कुठे पोहोचला ते पाहा, म्हणजे बाई कोणत्या बाजूला आहे ते कळतं. हा फरक जास्तीत जास्त ४४० मायक्रोसेकंदांचा असतो.

ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. ॲम्प्लिफायरनंतर १एन४१४८ डायोड, कपॅसिटर आणि त्याला समांतर मोठा रेझिस्टर जोडून मल्टिमीटरने डीसी मोजा. चाकं उचलून, ट्रान्समीटर बंद ठेवून मोटार चालू करा. आकडा वाढला, तर आधी मोटारीचा गोंगाट आवरा.